हे भांडं धुणार कोण? लाकडी वाडग्यांच्या फिनिशचं एक प्रकरण

चंपाषष्ठी होऊन चारच दिवस झाले होते, म्हणजे भरताचा धंदा ऐन भरात. तेवढ्यात भरीत सेंटर चालवणाऱ्या अक्कांचा फोन आला. "भाऊ, तुम्ही केमिस्ट्रीचे ना? मग या जरा. लाकडी वाडग्याला पापुद्रा सुटलाय, आणि तो गिऱ्हाइकाच्या घासात आलाय."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि लाकडाचा नाद मला लहानपणापासून. एवढ्या भांडवलावर मी गेलो. जे एका दुपारचं काम वाटलं होतं त्याला पुढचा मार्गशीर्ष उजाडला. त्या वर्षात काय केलं, काय बिघडलं आणि शेवटी काय ठरलं ते इथे सविस्तर लिहितो आहे. लाकडी भांडी करणारे आणि विकणारे आता खानदेशात बरेच झालेत, आणि प्रत्येक जण "फूड-सेफ पॉलिश कोणतं?" हा एकच प्रश्न विचारतो. माझ्या मते तो प्रश्नच अर्धवट आहे.

ऑर्डर

अक्कांचं भरीत सेंटर जळगाव-भुसावळ रस्त्यावर आहे. बामणोदकडची हिरवी वांगी, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, मग बडगीत ठेचून मिरची, लसूण, कांद्याची पात घालून तेलात परतलेली. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि पुण्या-मुंबईकडून येणारी गाडी आता मुद्दाम थांबते. या लोकांना भरीत स्टीलच्या ताटलीत देणं अक्कांच्या सुनेला पटेना. लाकडी वाडग्यात दिलं तर फोटोही छान येतात, असा तिचा आग्रह. म्हणून ६० वाडगे आणि ६ बडग्या अशी ऑर्डर निघाली.

बडगी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीसारखी पोटात कोरलेली लाकडी भांडी असतात, त्यात भाजलेली वांगी घालून लाकडी मुसळीने ठेचतात. मिक्सरमध्ये भरताची पेस्ट होते, बडगीत त्याचा रेशा राहतो. यावर खानदेशात वाद घालू नये.

काम गेलं चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी, जिभाऊंकडे. जिभाऊ जुने कातकाम करणारे. पूर्वी पाळण्याचे खांब, पोळपाट, लाटणी. आता लेथवर काहीही. वाडग्यांना त्यांनी शिवण निवडली: फिकट, हलकी, फारशी न हलणारी. बडग्यांना बाभूळ. दोन्ही निवडी चांगल्या होत्या, हे आधीच सांगतो, कारण पुढे जे बिघडलं त्यात लाकडाचा दोष थोडाच होता.

पहिली खेप: चकाकी

जिभाऊंनी वाडगे कोरेच दिले होते. अक्कांना ते "उघडे" वाटले. मग शहरातल्या एका फर्निचर पॉलिशवाल्याकडे सगळा माल गेला आणि त्याने मेलामाइन पॉलिश मारून दिलं. "फूड-सेफ आहे, पाण्याने काही होत नाही" असं तो म्हणाला होता. कपाटाच्या दाराच्या बाबतीत दुसरं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे.

मी पोचलो तेव्हा वाडग्यांच्या तळाला पांढरे ढग आले होते आणि काठापाशी नखाने उचलता येईल असा पापुद्रा होता. बडग्यांची अवस्था त्याहून वाईट. मुसळी जिथे आदळते तिथे पॉलिशचं पीठ झालं होतं.

घडलं ते असं. मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन), लॅकर ही सगळी लाकडावर बसणारी कवचं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, उन्हात आकसतं. कवच तसं करत नाही. चमच्याचा एक ओरखडा पडला की गरम पाणी त्या फटीतून खाली शिरतं, आतून पांढरं करतं आणि मग कवच सुटतं. कपाटाला कुणी रोज दोनदा गरम पाण्यात बुडवत नाही, म्हणून तिथे ते टिकतं.

दुसरी भानगड वासाची. मेलामाइन पॉलिश घट्ट होताना फॉर्मल्डिहाइड हा उग्र वासाचा, अपायकारक वायू सोडतं आणि हे बरेच दिवस चालतं. पॉलिश मारल्यावर पाचव्या दिवशी माल वापरात आला होता. मी एक वाडगा ताटली झाकून रात्रभर ठेवला आणि सकाळी झाकण उघडून अक्कांना वास घ्यायला सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं. ही परीक्षा कुठल्याही फिनिशला लावावी, पैसे लागत नाहीत. पूर्ण घट्ट झालेल्या फिनिशला वास जवळजवळ नसतो, आणि वास येत असेल तर अजून काहीतरी बाहेर पडतं आहे.

"म्हणजे विष का?" सुनेने विचारलं. पूर्ण सुकलेला पापुद्रा पोटात विरघळत नाही, आला तसा निघून जातो. पण अर्धवट सुकलेल्या कवचाबद्दल मी तशी खात्री देणार नाही, आणि पॉलिशवाल्याने कोणतं थिनर, कोणता रंग वापरला ते त्यालाही सांगता येईना. शिवाय ज्याच्या घासात पापुद्रा आला त्याला रसायनशास्त्र ऐकवून उपयोग नसतो.

डब्यावरच्या शब्दांबद्दलही तेव्हाच बोलणं झालं. "लेड-फ्री" लिहिलंय म्हणजे फूड-सेफ, असा सुनेचा समज होता. २०१६ च्या नियमांनी आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घातली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण ती भिंतीच्या आणि दाराच्या रंगासाठी. अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पॅकिंगसाठी २०१८ च्या नियमांत वेगळी मर्यादा आहे: किलोभर अन्नात सगळं मिळून ६० मिलिग्रॅमच्या वर उतरता कामा नये. कातलेल्या लाकडी वाडग्यावरच्या पॉलिशला यातलं काहीच थेट चिकटवता येत नाही. तेव्हा डब्यावरच्या एका शब्दावर धंदा टाकू नका, एवढंच मी म्हणालो.

दुसरी खेप: आजीचं तेल

जिभाऊंनी सगळे वाडगे परत लेथवर चढवून कवच उतरवलं. त्यात सात वाडगे पातळ होऊन वाया गेले. मग म्हणाले, "आमच्या काठवटीला आजी शेंगदाण्याचं तेल लावायची. साठ वर्षं टिकली." ५३ वाडग्यांना घाण्याचं शेंगदाणा तेल चोळलं. दिसायला सुरेख झाले. जानेवारी-फेब्रुवारी मजेत गेले, तेल लवकर उतरतं एवढंच अक्का म्हणायच्या.

होळीनंतर भरताचा हंगाम उतरला. वाडगे गोणपाटात बांधून पत्र्याखालच्या माळ्यावर गेले. आमच्याकडचा एप्रिल, त्यात पत्रा. वेगळं सांगायला नको. मेच्या सुरुवातीला एका लग्नाच्या ऑर्डरीसाठी गोणी सोडली तर खवट तेलाचा भपकारा आला आणि बोटाला चिकट राळ लागली.

मग आजीची काठवट का खवटली नाही? हा प्रश्न जिभाऊंनी मला जरा चिडूनच विचारला होता, आणि तो अगदी बरोबर होता. मला उत्तर सापडायला दोन दिवस लागले. काठवट रोज वापरात होती. रोज तिच्यात कोरडं पीठ पडायचं, ते वरचं तेल शोषून घ्यायचं. मग राखेने घासून ती उन्हात उभी राहायची. तेल जुनं व्हायला सवडच नव्हती. अक्कांचे वाडगे मात्र वर्षातले सात महिने झोपून असतात.

तेलांचा हिशेब एका आकड्याने नीट कळतो, त्याला आयोडीन मूल्य म्हणतात. तेल हवेतला ऑक्सिजन धरून किती घट्ट होऊ शकेल त्याचा तो अंदाज. साधारण १३० च्या वरची तेलं सुकतात, ११५ च्या खालची सुकत नाहीत, मधली अर्धवट राहतात. शेंगदाणा ८४ ते १००, तीळ १०४ ते १२०, सरकी त्याच्याच आसपास. ही तेलं लाकडात ओलीच राहतात, हळूहळू खवटतात आणि चिकट होतात. खोबरेल ६ ते ११, म्हणजे सुकण्याचा प्रश्नच नाही, पण खवटायलाही फार वेळ लावतं. मी ते सुचवणार होतो. मग आठवलं की खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि भरताचा हंगाम नेमका थंडीतला. सकाळी वाडग्यात पांढरी कणी दिसली असती आणि पुन्हा फोन आला असता.

जवस मात्र १७० च्या वर.

आठ वाडगे

मे महिना होता, जिभाऊंकडे काम कमी. आम्ही आठ वाडगे घेतले, बुडाला पेन्सिलीने आकडे घातले आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी केलं. त्यातल्या चारांबद्दल सांगण्यासारखं आहे.

मेण. मधमेण निर्धोक आहे, वास छान, हात फिरवत राहावासा वाटतो. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि कढईतून नुकतं काढलेलं भरीत त्याहून गरम असतं. पहिल्याच वाढणीत तेलावर बारीक तवंग आला, गार झाल्यावर वाडगा मेणचट. कार्नोबा मेण ८२ अंशांपर्यंत तग धरतं. पण ते ठिसूळ, लेथवर घासून त्याच उष्णतेने चढवावं लागतं, आणि चोपड्याच्या बाजारात मागितलं तर दुकानदार तुमच्याकडे पाहत राहतो.

लाख. जिभाऊंचं मन हिच्यावर होतं. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची ही राळ. तिचा चपडा करून स्पिरिटमध्ये विरघळवला की सुतारांचं फ्रेंच पॉलिश. औषधाच्या गोळीवरची आणि चॉकलेटच्या गोळ्यांवरची चमक पुष्कळदा हीच असते. खाण्याच्या दृष्टीने हिच्यासारखी निर्धोक वस्तू दुसरी मिळणं अवघड. अडचणी दोन. दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये पुष्कळदा मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल घातलेलं असतं. ते उडून जातं खरं, पण बंद खोलीत नाकात जाऊ देऊ नये. आणि काही पॉलिशवाले चपड्यात गेरू, रामरज, नाहीतर कसलातरी रंग कालवतात, तेव्हा चपडा आपला आपण भिजवावा. दुसरी अडचण मोठी. लाख सोड्यासारख्या क्षारात विरघळते. अक्कांकडे भांड्यांना सोड्याची पावडर वापरतात. एका धुण्यात वाडगा पांढरा आणि बुळबुळीत होऊन परत आला. जिभाऊंनी तो हातात धरून मुकाट्याने बाजूला ठेवला. सुकामेवा, सुपारी, मुखवास यांच्या वाडग्याला मी आजही लाखच सांगतो.

लिक्विड पॅराफिन. हे नाव घेतल्यावर अक्का म्हणाल्या, "म्हणजे रॉकेलच की!" घराणं तेच, पण औषधी दर्जाचं लिक्विड पॅराफिन इतकं शुद्ध केलेलं असतं की पोट साफ व्हायला ते डॉक्टर पाजतात. ते कधी खवटत नाही आणि कधी सुकतही नाही, म्हणून प्रत्येक धुण्यात आणि प्रत्येक गरम पदार्थात थोडं थोडं निघून जातं. आठवड्याला एकदा लावायची तयारी असेल तर स्वस्त आणि मस्त. फक्त बाटलीवर "आय.पी." (भारतीय औषधकोशाप्रमाणे दर्जा) पाहून औषधाच्या दुकानातूनच घ्यावं. अगरबत्तीवाल्यांकडचं सुटं व्हाइट ऑइल दिसायला तसंच असतं, त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि जवस. इथे थांबून सांगावं लागेल, कारण एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत. हार्डवेअरच्या दुकानात "डबल बॉइल" अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल मिळतं. ते लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घालतात. पूर्वी शिसंही घालत. दाराच्या चौकटीला ते उत्तम, वाडग्याला नको. आपल्याला हवं घाण्यावरचं, खायचं जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीला लावतो, त्याचंच. ते सुकतं, पण सावकाश. थंडीत एक हात, म्हणजे एक लेप, सुकायला आठवडे लागतात.

मात्र आमच्याकडे ऊन होतं. चित्रकार फार पूर्वीपासून जवसाचं तेल उन्हात ठेवून दाट करत आले आहेत, मग ते लवकर घट्ट होतं. जिभाऊंनी स्टीलच्या परातीत बोटभर तेल ओतलं, वर काच तिरकी ठेवली, खालून हवा खेळती, आणि साय धरू नये म्हणून रोज सकाळी ढवळलं. मेमधलं चोपड्याचं ऊन: दोन आठवड्यांत तेल पातळ मधासारखं झालं. सगळं आयुष्य ज्या उन्हाला शिव्या घातल्या ते पहिल्यांदा कामाला आलं, असं जिभाऊ म्हणाले.

पद्धत अशी ठरली. वाडगा २२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासायचा. त्याहून गुळगुळीत केला तर लाकूड तेल कमी पितं. पहिल्या हाताला साधं तेल, ते आत शिरतं. भरपूर चोपडायचं, २० मिनिटं थांबायचं, आणि मग कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की सगळंच पुसून टाकलं असं वाटावं. पुढचे दोन हात दाट तेलाचे, तेही तसंच पुसून, मध्ये पाच-पाच दिवस ऊन. मग चार आठवडे हवेशीर ठेवून द्यायचं. घाई झाली आणि तेल वर राहिलं तर ते महिनाभर चिकट राहतं. शिवणीचा फिका रंग जाऊन मधासारखा पिवळा झाला, तो जिभाऊंना पहिल्यांदा आवडला नाही. "म्हातारी केली पोरगी," म्हणाले.

एक फसलेला प्रयोगही नोंदवतो. सुनेला सागाचे दोन वाडगे हवे होते. सागात स्वतःचीच तेलं असतात, ती जवसाला सुकू देत नाहीत. तीन आठवड्यांनीही बोट चिकटत होतं. ते दोन वाडगे पॅराफिनवर गेले आणि सुनेच्या घरी शोभेला आहेत.

चिंध्या

जवसाच्या दुसऱ्या हाताची दुपार. पुसलेल्या सुती चिंध्या जिभाऊंच्या पोराने लेथमागच्या कोपऱ्यात, भुशाच्या ढिगावर टाकल्या आणि जेवायला गेला. बाहेर ४४ अंश असावं. चारच्या सुमारास विडी जळल्यासारखा वास आला. पण तिथे कुणी विडी ओढत नाही. चिंध्यांच्या गोळ्यातून धूर निघत होता. मी काठीने उलटवल्या तर आत लाल.

माठातलं पाणी ओतलं, निभावलं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर भुसा पेटला असता, आणि वर कौलाखाली सुकं सागवान रचलेलं होतं.

चूक माझी. जवसाचं तेल सुकतं म्हणजे ऑक्सिजन धरतं आणि धरताना उष्णता सोडतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं आहे. पातळ थरात ती उष्णता उडून जाते. चुरगळलेल्या चिंध्यांच्या पोटात ती अडकते, तापमान वाढतं, तेल आणखी भराभर सुकतं आणि शेवटी काडी न लावता पेट घेतं. तरी "चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळत घाल, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाक" हे त्या पोराला सांगायचं मी विसरलो. लोक फिनिश पोटात जाऊन काय करेल याची काळजी करतात. मला या अख्ख्या वर्षात खरी भीती वाटली ती त्या कोपऱ्यात.

वहिनींचा प्रश्न

जूनमध्ये ४० वाडगे जवसाचे तीन हात घेऊन तयार होते. वासाची परीक्षा झाली. व्हिनेगरच्या पातळ पाण्याने आणि गरम तेलाने भरून रात्रभर ठेवून पाहिले. पांढऱ्या फडक्यावर काही उतरलं नाही. आम्ही दोघं जरा फुशारकीतच ओट्यावर बसलो होतो. जिभाऊंच्या घरच्या वहिनी चहा घेऊन आल्या, वाडगा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "ते समदं ठीक शे. पन हाई भांडं धोवस कोन?"

आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो आणि पहिल्यांदाच अक्कांच्या सेंटरच्या मागच्या अंगणात बसलो. जेवणाची जागा, कढया, बडग्या सगळं मी पाहिलं होतं. मोरी पाहिली नव्हती. तिथे एक मोठं प्लॅस्टिकचं टब. त्यात सोड्याच्या पावडरीचं गरम पाणी. स्टीलची ताटं, पेले, कढया आणि त्यातच लाकडी वाडगे, सगळं एकत्र बुडवून दोन तास. मग तारेची घासणी. दोन बायका तासाला शंभर-दीडशे भांडी काढायच्या. त्यांनी लाकडाचे लाड करावेत तरी कधी? बाभळीच्या बडग्यांवरचे काळे डाग मी आधी बुरशी समजलो होतो. ते तारेच्या घासणीचे होते. बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, त्याला ओलं लोखंड लागलं की शाईसारखा काळा रंग होतो.

मेलामाइन का फुगलं, लाख का बुळबुळली, जानेवारीत अक्का "तेल लवकर उतरतं" असं का म्हणत होत्या, सगळ्याचं उत्तर त्या टबात होतं. जवसाचं फिनिशही तिथे एक हंगाम टिकलं नसतं. सोड्याचा क्षार त्यालाही हळूहळू साबणासारखं करून नेतो. मी सहा महिने डबे आणि बाटल्या तपासत होतो. सुरुवात मोरीपासून करायला हवी होती.

ठरलं ते

अक्का, सून, जिभाऊ, मी आणि भांडी घासणाऱ्या दोघींपैकी थोरली मावशी, असे पाच जण बसलो. मावशींना बोलावलं म्हणून अक्कांना नवल वाटलं, पण सगळ्यात कामाचं त्याच बोलल्या.

बडग्यांना काहीही लावायचं नाही. जिथे दिवसभर मुसळी पडते तिथे कुठलंही फिनिश म्हणजे अन्नात जाणारा भुगा. काम झालं की लाकडी उलथण्याने खरवडायचं, साधं गरम पाणी, मीठ, नारळाच्या शेंडीने घासणं आणि सावलीत उभं करून ठेवणं. "कोऱ्या लाकडात किडे होतील" ही सुनेची शंका होती. १९९० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधक डीन क्लायव्हर यांनी भाजी-मांस चिरायच्या लाकडी आणि प्लॅस्टिकच्या पाटांवर जंतू सोडून पाहिले होते. लाकडात जंतू आत ओढले जातात, वर येत नाहीत आणि बरेचसे तिथेच मरतात. सुरीच्या चऱ्या पडलेलं प्लॅस्टिक मात्र धुऊनही साफ होईना. पण याचा अर्थ लाकूड ओलं ठेवलं तरी चालेल असा नाही. मावशी म्हणाल्या, "बडगी कोरडी राहील, पण मग रात्री भरायची नाही. सकाळीच ठेचा." अक्कांनी मान्य केलं.

वाडग्यांना जवस. त्यांत फक्त भरीत, ठेचा आणि कोरडे पदार्थ. शेवभाजीचा रस्सा स्टीलमध्येच, यावर मी अडून बसलो. उकळती तर्री लाकडात जे काही आहे ते ओढून घेते आणि बदल्यात मिरचीचा रंग सोडते. हळदीचा पिवळा डाग तेवढा उन्हात ठेवला की दोन-तीन दिवसांत फिका होतो.

धुण्याचं मावशींनीच ठरवलं. लाकडासाठी वेगळी बादली, टबाशी संबंध नाही. वाडगा आला की लगेच पुसून, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ घासणी, लगेच फडकं, मग बाजेवर तिरका. हे जास्तीचं काम म्हणून जास्तीचे पैसे त्यांनी मागितले. अक्का जरा कुरकुरल्या. मी वाया गेलेल्या वाडग्यांची किंमत कागदावर मांडून दाखवली, मग तो विषय संपला. या सगळ्या प्रकरणात फिनिशवर झालेला सर्वांत चांगला खर्च तो, असं मी मानतो.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, जवसाचा एक पातळ हात. तो सुकायला पुरेसे दिवस राहतील असा. हंगामात वाडगा कोरडा, पांढुरका दिसला तर चार भाग लिक्विड पॅराफिन आणि एक भाग मधमेण एकत्र वितळवून केलेलं मलम रात्री चोळायचं, सकाळी पुसून वापरायचं. मेण एकटं वितळतं म्हणून वर नाकारलं आणि इथे घेतलं, हे विसंगत वाटेल. पण इथे ते कवच नाही, चोळून पुसायचं आहे, आणि तेवढ्यापुरतं ते चांगलं काम करतं. ज्यांना शेंगदाण्याची, अक्रोडाची ॲलर्जी असते त्यांच्यासाठी ही दोन्ही द्रव्यं बरी. भरतातच मूठभर शेंगदाणे घालणाऱ्या सेंटरमध्ये या मुद्द्याला किती किंमत द्यायची ते अक्कांनी ठरवावं.

माळा बंद. उन्हाळ्यात वाडगे जाळीच्या फडताळात, भिंतीपासून दूर, एकमेकांत न घालता.

पुढच्या मार्गशीर्षापर्यंत

४० पैकी पाच वाडग्यांना उन्हाळ्यातच काठापासून तडा गेला होता. जिभाऊंनी तपासलं: पाचही एकाच ओंडक्याचे, आणि तो ओंडका पावसाळ्यात तोडलेला, पुरता वाळलेला नव्हता. तडे फिनिशने थांबत नाहीत. तेल ओलावा येण्या-जाण्याला थोडा अडसर करतं, बंद करत नाही. आता जिभाऊ वाडगे आधी जाडसर कातून ठेवतात, बाहेरून मेण फासतात, चार-सहा महिने वाळू देतात आणि मग अंगठ्याएवढ्या जाडीवर आणून पुरे करतात.

उरलेल्या ३५ वाडग्यांवर चंपाषष्ठीला भरीत वाढलं गेलं. हंगाम संपता संपता मी पुन्हा मोरीत जाऊन बसलो. चकाकी नव्हती, काठ जरा गडद, पोटात हिरव्या मिरचीचा पुसटसा वास, पापुद्रा कुठेच नाही. एका वाडग्यावर ढग दिसला, तेव्हा मावशींनीच सांगितलं की त्या चार दिवस गावी गेल्या होत्या आणि दुसरीने तो टबात टाकला होता. मलम चोळून तो परत फिरला.

३५ चे मोजले तर ३२ भरले. तीन वाडगे गिऱ्हाइकांनी नेले असावेत. सुनेने हिशेबाच्या वहीत ते "तुटफूट" मध्ये लिहिले आहेत, आणि जिभाऊंना नव्या वीस वाडग्यांची ऑर्डर गेली आहे. शिवणीचा ओंडका यंदा उन्हाळ्यात तोडलेला आहे. लेथखाली पाण्याने भरलेली बादली ठेवलेली आहे, आणि त्यात दोन चिंध्या भिजत पडलेल्या मी स्वतः पाहिल्या.